चालत आलेला माणूस

सुभाष गेल्याचा फोन आला तेव्हा मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दुःख नंतर झालं, रडूही नंतर आलं आणि ते खोटं नव्हतं. पण त्याचा मेहुणा फोनवर "सर, दाजी गेले" एवढंच म्हणाला आणि मला पहिल्यांदा वाटलं ते हेच. खडूचा हात पँटला पुसत मी वर्गाबाहेर उभा होतो, आत नववीची पोरं गोंधळ घालत होती, आणि माझ्या मनात आलं... आता विचारणारं कुणी उरलं नाही. पुढं पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला लावलं. सुभाष सर मनमिळाऊ होते, विद्यार्थीप्रिय होते, असं सगळं मी बोललो. लोकांनी डोळे पुसले. ते ऐकूनच या पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं. त्या दिवशी जे बोललो ते पुन्हा लिहून देता आलं असतं. दोनदा तसं लिहिलं आणि दोनदा फाडलं.

आम्ही गेवराई तालुक्यातल्या एका शाळेत बरोबर शिकवायचो. तो विज्ञान, मी मराठी. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मी नोकरीला लागलो तेव्हा मला खोली मिळेना, तर त्यानं स्वतःच्या घरातली पुढची खोली दिली. जेवायलाही त्यांच्याकडंच. तो बौद्ध, मी दुसऱ्या गावच्या जमीनदार मराठा घरातला. त्याच्या आईच्या हातच्या बाजरीच्या भाकरी मी सहा-सात महिने खाल्ल्या आणि माझ्या आईला मात्र खानावळीत जेवतो म्हणून सांगितलं. सुभाषला हे माहीत होतं. माझी आई एकदा शाळेत आली तेव्हा त्यानं तिच्यासमोर मला विचारलं, "काय दत्ता, खानावळवाला बरं घालतो का जेवायला?" मी आईची पिशवी उचलली आणि तिला घेऊन फाटकाकडं निघालो. ती गेल्यावर म्हणाला, "घाबरला का बे? मी कशाला सांगतोय!" आणि खदाखदा हसला. मीही हसलो. तेव्हा ती गंमत वाटली होती. आडनाव त्याचं मी इथं लिहीत नाही, कारण पुढं त्यानं ते लोकांना सांगणंच सोडलं. पण हे लिहिताना स्वतःलाच विचारतोय, त्याच्या इच्छेसाठी गाळतोय की माझ्या जुन्या सवयीनं?

निवृत्त झाल्यावर तो आणि वहिनी सहा महिने इंग्लंडला राहून आले. मुलगी तिकडं नर्स आहे, तिच्या बाळंतपणासाठी वहिनींना बोलावलं होतं. सुभाषला तिथं काही काम नव्हतं. घरात बसून कंटाळला आणि एक दिवस सरळ गावाबाहेर चालत सुटला. एकटाच. मग रोजच. एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात, तिथून तिसऱ्या. परत आल्यावर तो किती बोलायचा त्यावर! "दत्ता, लोकाच्या शेतातनं वाट हाय तिथं. पायवाट. कुनीबी जावं. फाटक उघडायचं, मागं लावून घ्यायचं, बस. आपल्याकडं बांधावरून कोर्टात जात्यात, आन् तिथं मालक ट्रॅक्टरवरनं हात करतोय." कुंपण छाटणारी एक म्हातारी त्याच्याशी तासभर बोलली आणि जाताना आलुबुखारे दिले. चर्चच्या बाकावर बसलेल्या माणसानं आपल्या गुडघ्याचं सगळं दुखणं सांगितलं. "तिथं आधी पाऊसपान्याचं बोलायचं, मग कुत्र्याचं नाव कळतं. मानसाचं नाव लई उशिरा. न्हाईबी कळत कधी." तिकडचं सगळं चांगलंच, असं मात्र तो म्हणायचा नाही. एका खेड्यात दारात उभ्या असलेल्या माणसानं त्याला "वाट चुकलात का?" असं विचारलं आणि गल्ली संपेपर्यंत बघत राहिला. "तिथं माझं कातडंच आडनाव झालं," सुभाष म्हणाला होता. "पन त्यानं एकदाच इचारलं, आन् मला जाऊ दिलं."

तेच त्यानं इथं सुरू केलं. मुलीनं घेऊन दिलेले तपकिरी बूट, डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत स्टीलचा एक डबा, गूळ-शेंगदाण्यांनी भरलेला. कुणी भेटलं की पाणी मागायच्या आधी तो डबा उघडून पुढं करायचा. "आपन आधी द्यायचं. मग मागायचं." घेणाऱ्यानं घेतलं की बोलणं सुरू. नाव विचारलं तर फक्त सुभाष. आपल्या बीड जिल्ह्यात रिकामा चालणारा माणूस कुणाला समजतच नाही. मागून येणारी प्रत्येक मोटारसायकल थांबायची. "काका, गाडी पंक्चर झाली का? बसा मागं, सोडतो." नको म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. परळीहून तो धर्मापुरीला चालत गेला, देवळाच्या दगडांवरची शिल्पं बघायला, तर शेळ्या राखणाऱ्यानं विचारलं, "काय मोजायला आलाव? रस्ता जातोय का शेतातनं?" सुभाष म्हणाला, काही मोजायला नाही, तुमच्याशी बोलायला आलो. तो माणूस म्हणे शेळ्या घेऊन लांब जाऊन उभा राहिला. हे सांगताना सुभाषला हसू आवरायचं नाही.

एकदाच मी त्याच्याबरोबर गेलो, नारायणगडाच्या बाजूला. कापूस वेचणाऱ्या एका बाईनं आम्हाला झाडाखाली बसवलं. सुभाषनं डबा पुढं केला, तिनं मूठभर शेंगदाणे घेतले, स्वतःच्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा आम्हाला दिला. मग विचारलं, "तुमी कोन म्हनायचे?" "सुभाष." "सुभाष कोन पन?" "सुभाष सर." बाई मोठ्यानं हसली. "मास्तर लोकाची जात मास्तर, व्हय! बरं हाय की." तिनं पुढं काही विचारलं नाही. आणि मी... मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी माझं पूर्ण नाव आडनावासकट सांगून टाकलं. सुभाषनं माझ्याकडं बघितलं नाही. भाकरीचा तुकडा मोडत राहिला. येताना मात्र म्हणाला, "लई घाई झालती रं तुला." पुन्हा कधी त्यानं मला बरोबर बोलावलं नाही.

मग जिल्ह्यातली हवा बदलली. वाचकांना ते वेगळं सांगायला नको. चहाच्या हॉटेलात बसायच्या जागा वेगळ्या झाल्या, दुकानावरची नावं वाचून माणसं आत जायला लागली, शाळेतली पोरंसुद्धा आडनावावरून बाक बदलायला लागली. मी सुभाषला म्हणालो, जरा दिवस थांब. तो म्हणाला, "आत्ताच तर चालायला पाहिजे." आणि तो गोदावरीच्या काठाकडं गेला.

त्या दिवशी माझ्या घरी मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा हातात होत्या. फोन वाजला. नदीकाठच्या एका गावातल्या गृहस्थांचा होता, त्यांची मुलं आमच्या शाळेत शिकलेली. आवाज असा मोठा की समोर बसलेल्यांना शब्दन् शब्द जात होता. "सर, एक मानूस धरलाय हितं. चालत आलोय म्हनतोय. गाडी न्हाई, काय न्हाई. नदीचं पानी किती ऱ्हायलं, वाळू कुठनं उचलत्यात, इचारत होता. खबऱ्या हाय म्हनत्यात पोरं. नाव सुभाष सांगतोय, आडनाव सांगंना. तुमचं नाव घेतोय. तुमच्या वळकीचा हाय का?"

मागं कुणीतरी ओरडत होतं. आणि त्या गलक्यात सुभाषचा आवाज मला ऐकू आला. "सरांना बोला की, सरांना..." मुलाचे वडील बशीत चमचा ठेवून माझ्याकडं बघत होते. "माझा मित्र आहे, सोडा त्याला" एवढंच म्हणायचं होतं. त्याच्यानंतरचा प्रश्न मला माहीत होता : कोणाचा? त्याचं उत्तर मला त्या पाहुण्यांसमोर द्यायचं नव्हतं. त्यांना कदाचित काही वाटलंही नसतं. ते चांगले लोक आहेत. पण ते चांगले वागतील का, हे बघायची वेळच मी येऊ दिली नाही. मी म्हणालो, "नाही हो... लक्षात येत नाही. पाहुणे आलेत घरी, नंतर बोलतो." फोन उपडा ठेवला. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

नंतर मी बोललो नाही. पाहुणे गेल्यावर फोन हातात घेतला, तेव्हा एवढ्या वेळात सोडलंच असेल, असं स्वतःला समजावलं. सोडलं नव्हतं. पारावर बसवून ठेवलं होतं. पिशवी रिकामी केली, डबा आपटला, शेंगदाणे मातीत सांडले. कुणीतरी कानाखाली मारली. दिवस कलल्यावर पोलीस पाटील आले, त्यांनी नीट विचारपूस केली, हेडमास्तरांना फोन लावला, मग त्याला घरी जाऊ दिलं. हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांकडून कळलं. मी "अरे बापरे" म्हणालो.

भेटायला गेलो तेव्हा सुभाष ओसरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, रस्त्याकडं पाठ करून. मी म्हणालो, तक्रार कर. तो म्हणाला, "कशाला? त्यांनी इचारून बघितलं की." एवढंच. डावा कान वाजतो म्हणाला. मी चहा घेतला आणि निघालो. त्यानंतर तो चालला नाही. बूट दाराशी तसेच होते, वहिनी त्यावरची धूळ झटकायच्या. साखर वाढली, पायाला सूज आली, मग किडनीचं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, सर, रोज चालायला जात जा. सुभाषनं त्यांना विचारलं, "कुठं?" डॉक्टरांना तो विनोद वाटला. मी शेजारी उभा होतो. मला समजला तो प्रश्न.

मुलीचं लग्न त्याच घरात ठरलं. ती सुखी आहे. लग्नाला सुभाष आला, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मागच्या खुर्चीवर बसला. मी व्याह्यांना घेऊन पाहुण्यांना भेटवत होतो आणि त्याच्या रांगेपाशी माझी पावलं मंदावली. व्याहीच पुढं झाले, हात जोडले, "नमस्कार, आपण?" मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी सुभाषनंच हात जोडून सांगितलं, "काही न्हाई, सरांच्या वळकीचा हाय." आणि माझ्याकडं बघून हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. माझी सुटका करण्यासाठी त्यानं मला आपला मित्रही म्हटलं नाही, त्या खानावळीच्या दिवसासारखंच मला सांभाळून घेतलं.

मागच्या आठवड्यात मी वहिनींकडं जाऊन आलो. खुर्ची अजून तशीच आहे, भिंतीकडं तोंड करून. वहिनींनी आतून तो स्टीलचा डबा आणला. झाकणाला पोचा आहे, ते नीट बसत नाही, रबर लावलेलं आहे. आत वहिनींनी नव्यानं भरलेले गूळ-शेंगदाणे. "त्यांचाच डबा हाय, भाऊजी. कुनाला द्यावा कळंना. तुमी न्या." मी घेतला. चपला घालत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांनी कुनाचं तरी नाव सांगितलं होतं म्हने गावकऱ्यास्नी. त्या मानसानं वळख दिली न्हाई. लई इचारलं मी, शेवटपर्यंत सांगितलं न्हाई मला. तुमाला ठावं हाय का, भाऊजी, कोन हुता?"

मी म्हणालो, "नाही, वहिनी."

डबा माझ्या टेबलावर आहे. कुणाच्या घरचा भरला डबा आला की तो रिकामा परत पाठवत नाहीत. आमच्या आईनं आयुष्यभर हे पाळलं आणि मीही पाळत आलो. शेंगदाणे मी खाल्लेले नाहीत. एकदा झाकण काढलं, गुळाचा वास आला, परत लावलं. रबर तुटलं, तर दुसरं शोधून लावलं...

ही पुरवणी रविवारी घरोघरी जाईल. वहिनींकडंही जाते, सुभाष असल्यापासून. त्यांना हे छापील वाचून कळता कामा नये. त्याआधी त्या ओसरीत, त्या खुर्चीसमोर उभं राहून "वहिनी, तो फोन मला आला होता आणि मी ओळख दिली नाही" एवढं मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे. तेवढं मी त्यांचं देणं लागतो. हे लिहून संपवेपर्यंत मी ते सांगितलेलं नाही.