पानाचा माइक

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. शाळा आठवीत सुटली, वेलांट्या तिथंच राहिल्या. शब्दही साधेच आहेत. पण आमच्या औंढ्याच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात किस्से असे साठलेत, की जुन्या कॅसेटींसारखे, कपाट उघडलं की अंगावर पडतात!

आम्ही तिघं. मालक राजाभाऊ, कुठं कुठला माइक लावायचा ते ठरवणारे. कॅमेऱ्यावर सलीमचाचा. आणि हेडफोन लावून आवाज तपासणारा मी. मी तसा बुजरा. हे किस्से घडले त्या साली माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, आमच्याच भागातल्या गोरेगावला. त्या लग्नात माइक मी निवडावा, एवढीच माझी इच्छा. वायर गुंडाळता गुंडाळता राजाभाऊंच्या पाठीमागून दोन-तीनदा विचारलंही. उत्तर आलं नाही. तोंडावर नाही म्हणणं जिवावर येत असेल, असं मी समजलो.

माणूस मात्र जबरदस्त! कुठला माइक कुठून आवाज घेतो, त्याची चित्रं खोक्यावर असतात. ती त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत बसून शिकवली.

"हा गोल म्हंजे गावजेवण. येईल त्याला वाढायचं. हा दुसरा, विड्याचं पान. समोरच्यालाच द्यायचं, पाठीमागचा उपाशी! आन ही नळी म्हंजे पंगतीच्या टोकाला बसलेल्या व्याह्याला लांबूनच आग्रह."

तेव्हापासून आमच्याकडं माइकचं इंग्रजी नाव कुणी घेतलं नाही.

* * *

जवळा बाजारला एका कापड दुकानाचं उद्घाटन होतं, तेही बाजाराच्या दिवशी. राजाभाऊ म्हणाले, "पान लावू."

शेठ म्हणाले, "काहून? आमचं मन काय लहान हाय का? गावजेवण लावा!"

लावलं. पुढं कॅसेट बघायला सगळं घर जमलं. टीव्हीवर शेठ हात जोडून म्हणाले, "माझ्या यशामागं आहे..."

आणि खणखणीत आवाज आला, "मेथी! ताजी मेथी!"

शेठाणी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. शेठनी कॅसेट मागं घेऊन ते परत एकदा ऐकलं. मग म्हणाले, "राहू द्या तसंच. बाजार भरल्यावाणी वाटून राहिला!"

* * *

नळीचा किस्सा मेंढ्यावाल्यांच्या घरच्या लग्नातला. नळी नवरदेवावर धरलेली. पण नवरदेवाच्या बरोबर मागं मुलीचा मामा आचाऱ्याशी कुजबुजत होता. कॅसेटमध्ये मंगलाष्टकांच्या मधेच स्पष्ट ऐकू आलं, "बुंदी कमी पडून राहिली. वरपक्षाला भात जास्ती वाढा!"

व्याही-व्याही शेजारीच बसून बघत होते. मुलीच्या बापाचं तोंड उतरलं. नवरदेवाच्या बापानं मात्र मांडीवर थाप मारली, "तरीच म्हणलं, भाताचा एवढा आग्रह काहून!"

राजाभाऊ मला म्हणाले, "नळी नवरदेवावर थांबत न्हाई बाबा. त्याच्या मागं कोण हाये, ते आधी बघायचं."

* * *

एका बौद्ध लग्नात भन्तेजींचा आवाज अगदी मऊ, आणि जवळच जनरेटर धडधडत होता. मला हेडफोनमध्ये दुसरं काही ऐकूच येईना. राजाभाऊंनी नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं. ते स्वतः पान हातात घेऊन भन्तेजी आणि जनरेटर यांच्या मधोमध जाऊन बसले. पानाचा देठ जनरेटरकडं, टोक भन्तेजींकडं. मला बोटांनी विचारलं, बराबर? मीही बोटांनीच सांगितलं, बराबर! एकेक शब्द मोत्यासारखा.

कॅसेट बघून भन्तेजी म्हणाले, "जनरेटर बंद केला होता वाटतं?"

सलीमचाचा म्हणाले, "बंद नहीं किया भन्तेजी, पीठ दिखाई!"

* * *

लोक राजाभाऊंना घमेंडी म्हणायचे. "माणूस हाक मारून मारून थकतो, पण ह्यो मागं वळून बघत न्हाई," असं कितीदा ऐकलं. मी भांडायचो नाही, पण वाईट वाटायचं.

माझ्या बहिणीच्या लग्नाला आठवडा राहिला होता. गोरेगावच्या जीप स्टँडवर आम्ही दुसऱ्या एका कामासाठी सामान उतरवत होतो. राजाभाऊ वाकून वायर सोडवत होते. मागून एक जीप रिव्हर्स येऊ लागली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, लोक ओरडतायत, राजाभाऊ आपले शांत. सलीमचाचांनी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं, तेव्हा जीप वायरीवरून गेली!

ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्या समोर येऊन ओरडला, "ओ भाऊ, भैरे हाये का तुमी?"

राजाभाऊंनी त्याच्या ओठांकडं बघितलं आणि हसले.

"भैरा न्हाई बाबा. मी पानाचा माइक हाये."

सगळं स्टँड हसलं. सलीमचाचा हसले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. राजाभाऊ दाराकडं पाठ करून माइक पुसत बसले होते. मी वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "भाऊ, माझ्या बहिणीच्या लग्नात माइक मी निवडू का?"

"निवड की!" ते म्हणाले. "एवढे दिवस काहून विचारलं न्हाईस?"