काकांनी जुळवलेला कॉम्प्युटर

माझ्या मावससासऱ्यांइतके प्रश्न विचारणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि चुकून असलाच तर तो यांना पत्ता विचारायला थांबला असेल आणि अजून तिथेच अडकून पडला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या मावशीचे हे यजमान. राहणार खालापूर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मंडळींपैकी कुणी माझा पगार विचारला, कुणी पत्रिका मागितली, काकांनी मला अंगणात नेलं आणि माझ्या स्कूटरकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं ऑइल पेट्रोलसंगं जातं, का त्याला येगळी वाट हाय?" मला माहीत नव्हतं. "तुमीच चालवता ना?" एवढंच ते म्हणाले, पण अशा काही सुरात म्हणाले, की लग्न ठरूनसुद्धा आपण एका विषयात नापास झालो ही रुखरुख मला पुष्कळ दिवस पुरली.

काका खोपोलीजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नोकरीभर त्यांनी बेअरिंगं, वायसर, झडपा, पट्टे असले सुटे भाग खिडकीतून बाहेर दिले. घेणारा सही करायचा आणि चालू पडायचा. तो भाग पुढे कुठे बसतो, बसून काय करतो, हे बघायला स्टोअर सोडून जायची मुभा नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी या उपासाचं पारणं फेडायला घेतलं. आधी भिंतीवरचं घड्याळ उघडलं, मग मिक्सर, मग पाण्याची मोटर, मग मावशींचं शिवणयंत्र. उघडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बंद करायची मात्र त्यांना कधीच घाई नसे, कारण बंद केलं की आतलं दिसत नाही. एकदा तब्येत दाखवायला म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो, तर दंडाला पट्टा बांधून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "हवा पट्ट्यात भरता, मंग आतलं रगत थांबलं ते तुमच्या कानाला कसं कळतं?" डॉक्टर भला माणूस. त्याने आकृती काढून समजावलं. आत काका अगदी शांत होते; बाहेर बसलेल्या पेशंटांचा रक्तदाब तेवढा वाढला. "आमच्या घरात चालू वस्तू म्हंजे मी एकलीच," मावशी म्हणायच्या, "आन मलाबी ह्येंनी उघडली असती, पन मला स्क्रू नायत."

मावशींचं माहेर पोशीर. शाळा फार झाली नाही, पण वाचनाचं वेड असं, की वाण्याकडून आलेली हिंगाची पुडीसुद्धा त्या हिंग काढून आधी वाचून घेत. रोजचं वर्तमानपत्र त्या वाचत ते मोठ्याने, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, ओटीवर बसून. आणि काका शेजारी जमिनीवर एखाद्या यंत्राचं पोट फाडून बसलेले. दोन बातम्यांच्या मध्ये काकांचा प्रश्न यायचा, आणि मावशी "ते हितं लिवलेलं नाय" असं म्हणून पुढची बातमी घ्यायच्या. त्या दोघांचा संसार म्हणजे तरी दुसरं काय होतं? मी रविवारी भिसेगावच्या माझ्या घरून गेलो की फाटकापाशीच मला त्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि घरात सगळं ठीक आहे हे गाडी लावायच्या आतच कळायचं.

मागच्या वर्षी एका रविवारी तो आवाज आला नाही. मावशी ओटीवरच होत्या, पेपर मांडीवर होता, पण घडी मोडलेली नव्हती. "अक्षरं मधनंच खाल्ल्यावानी दिसतात रं," त्या म्हणाल्या. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं. एका डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, दुसऱ्यालाही पुढेमागे तेच होणार होतं. चष्मा बदलून फार काही होणार नव्हतं. अक्षर मोठं करून, भरपूर उजेडात वाचता येईल. जेवढं मोठं तेवढं बरं, असं ते म्हणाले. काकांनी नेहमीप्रमाणे डोळ्याचा पडदा कशाचा असतो, तो झिजतो म्हणजे जातो कुठे, हे सगळं विचारलं. पण घरी येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले आणि खालापूर येईपर्यंत एकदाही त्यांनी ड्रायव्हरला काही विचारलं नाही.

मोबाइलवरची अक्षरं मोठी करून पाहिली, तर एका शब्दात स्क्रीन भरून जाई. मी म्हटलं, मोठ्या स्क्रीनचा तयार कॉम्प्युटर घेऊ, पेपर हल्ली त्यावर दिसतो. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांना न पाहिलेली मुलगी करून घ्यायला सांगत होतो. "आत काय हाय ते बघितल्याबिगर घरात घ्यायचा? आपन भाग घेऊ. आपन जुळवू." पैसा बेताचा होता, न्हाणीच्या फरशीसाठी बाजूला ठेवलेला; मावशींनी फरशीवर पाणी सोडलं. उघडलेली एकही वस्तू ज्यांनी अजून मिटवली नव्हती, ते आता सगळंच उघडं असलेलं काही जुळवायला निघाले होते.

कर्जतच्या बाजारात शकीलभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मूळचे श्रीवर्धनकडचे, गोड माणूस, स्वभाव मुळातच शांत. आणि तो किती शांत आहे हे काकांमुळे त्यांना स्वतःलाही पहिल्यांदाच कळलं. पहिल्या दिवशी शकीलभाईंनी नेहमीची युक्ती केली. "काका, हा प्रोसेसर म्हणजे मेंदू. ही रॅम म्हणजे किचनचा ओटा, आणि ही एसएसडी म्हणजे कपाट. ओटा मोठा असला की काम पटापट होतं."

"लाइट गेल्यावर ओट्यावरचं कुटं जातं?" काकांनी विचारलं.

"पुसून जातं."

"आन कपाटातलं र्‍हातं?"

"राहतं."

"दोनीत बी वीजच ना? मंग एक इसरतं आन दुसरं इसरत नाय, ह्ये कसं?"

शकीलभाईंनी चहा मागवला. जन्मभर रॅमच्या पट्ट्या विकल्या, पण हे आपल्याला कुणी विचारलं नाही आणि आपल्यालाही हा प्रश्न कधी पडला नाही, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी घरी जाऊन व्हिडिओ बघितले. पुढच्या खेपेला काका दारात दिसताच ते गिऱ्हाईक सोडून उठले आणि म्हणाले, "काका, कपाटात वीज कोंडून ठेवतात! बारीक बारीक कप्प्यांत!" आणि दोघेही दोन पोरांसारखे काउंटरवर वाकले.

निवड करताना काकांचा निकष एकच होता. मी नोकरी करतो त्या पतपेढीतल्या जाणकारांनी रंगीत दिवे लागणारे पंखे सुचवले, महागडं ग्राफिक्स कार्ड सुचवलं. काका प्रत्येकाला विचारत, "ह्येनं अक्षर मोटं होतं का?" नाही म्हटलं की ती वस्तू बाद. अशाने दिवे गेले, कार्ड गेलं, काचेची पेटी गेली. पेटी शकीलभाईंच्या माळ्यावरची जुनी, एका बाजूला पोचा आलेली घेतली. तिची एक बाजू बसतच नव्हती, हे काकांना विशेष आवडलं. रॅमची एकच पट्टी घेतली, दुसरीची जागा पुढेमागे होईल म्हणून मोकळी ठेवली. काटकसर फक्त दोन ठिकाणी केली नाही. पॉवर सप्लाय चांगला घेतला, कारण खालापूरची वीज कधी पाहुण्यासारखी येते तर कधी दरोडेखोरासारखी, आणि स्वस्तातल्या मालाने जळालेल्या मोटरींचा वास काकांच्या नाकात अजून होता. आणि मॉनिटर. लोक आधी मेंदू घेतात आणि उरलेल्या पैशात तोंड बसवतात; काकांनी आधी सगळ्यांत मोठा मॉनिटर पसंत केला आणि उरलेल्या पैशात मेंदू बसवायला घेतला. शकीलभाईंनी सांगितलेला प्रोसेसर मात्र त्या पैशात बसेना.

म्हणून आम्ही मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, दुकानामागून दुकान पालथं घातलं. काका प्रत्येक ठिकाणी असे रमले, की मला वाटलं आता मुक्कामच पडतो. तेवढ्यात मावशींचा फोन आला. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच दिसायला लागलं होतं. "गडबड नाय," त्या म्हणाल्या, "सावकाश या. मी आपलं सांगितलं." काकांनी फोन खिशात ठेवला. समोरच्या काउंटरवर आम्हाला हवा होता त्याच नंबरचा प्रोसेसर होता, आणि चांगलाच स्वस्त. "वही है अंकल, बस आखिर में एक अक्षर ज्यादा है," दुकानदार म्हणाला. काकांनी पैसे काढून दिले, डबी छातीशी धरली आणि स्टेशनकडे चालायला लागले.

जुळणी खालापूरच्या ओटीवर झाली. काकांनी सतरंजी झटकून अंथरली, हात धुतले, आणि एकेक भाग असा बसवला, जणू वर्षानुवर्षं खिडकीतून बाहेर दिलेल्या सगळ्या भागांना ते आज आपापल्या घरी पोचवत होते. प्रोसेसर खाचेत बसला तेव्हा त्यांचे डोळे मिटले होते. मावशी नवी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या, मॉनिटरच्या अगदी समोर. मी बटण दाबलं. पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. मॉनिटर काळाच राहिला.

आम्ही वाट बघितली. वायर काढून पुन्हा लावली. काळाच.

"अवो," मावशी हळूच म्हणाल्या, "लागला का? का मलाच दिसत नाय?"

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ते उठून मावशींच्या खुर्चीमागे गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाय गं. आमालाबी दिसत नाय. कुणालाच दिसत नाय." मावशींनी श्वास सोडला. एखादी वस्तू बिघडल्याचा इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

मी शकीलभाईंना फोन लावून तो काकांच्या आणि माझ्या मधोमध धरला. त्यांनी डबीवरचा नंबर वाचायला सांगितला, आणि शेवटचं अक्षर ऐकताच तिकडून एक सुस्कारा आला. त्या अक्षराचा अर्थ असा, की या प्रोसेसरला चित्र काढता येत नाही. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. "काका," शकीलभाई म्हणाले, "तुम्ही माझ्याकडून दुनियाभरचं विचारून घेतलंत. ते एक अक्षर कशाचं, तेवढंच नाही विचारलं?"

"घाई व्हती," काका म्हणाले. मावशींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकीलभाई स्वतःच मोटरसायकलवरून खालापूरला आले. त्यांच्याकडे कार्ड असलेलं एक गिऱ्हाईक होतं, त्याला हा प्रोसेसर चालणार होता. बदल्यात त्यांनी चित्र काढता येणारा आणला, वरचे थोडे पैसे सवडीने द्या म्हणाले. काकांनी तो स्वतः बसवला. या खेपेला डोळे उघडे ठेवून. बटण दाबलं, आणि ओटीवर निळा उजेड पडला. मी इथल्या एका साप्ताहिकाचं पान उघडून अक्षरं वाढवत गेलो, वाढवत गेलो, शेवटी एकेक अक्षर तळहाताएवढं झालं. मावशी पुढे वाकल्या. डोकं जरा तिरकं करून, झिजलेल्या भागाच्या कडेने त्यांनी पाहिलं.

"कडाव... येथे..." त्या वाचू लागल्या, "दुभती... म्हैस... विकणे आहे."

"दूध किती देती?" काका म्हणाले.

"ते हितं लिवलेलं नाय."

शकीलभाई आणि मी चहा घ्यायचं निमित्त काढून मागच्या अंगणात गेलो.

आता त्याला वर्ष होत आलं. कॉम्प्युटरची पेटी अर्थातच अजून उघडी आहे. धूळ जाऊ नये म्हणून मावशींनी तिला जुन्या साडीचा पडदा शिवला आहे. पेपर रोज वाचला जातो, फक्त हळू. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. गेल्या दिवाळीत एका ओळीत पाच-सहा शब्द मावायचे, आता दोन मावतात, कधी एकच. मावशी बातमी अर्धी वाचतात आणि उरलेली अंदाजाने सांगतात, आणि त्यांचा अंदाज बातमीपेक्षा बरा असतो.

परवा मी गेलो तेव्हा त्यांनी मला ट्रंकेतून आपल्या लग्नाचा फोटो काढून दिला. हा मोठा करून दाखव म्हणाल्या. मी मोबाइलने टिपून कॉम्प्युटरवर घेतला. पोशीरच्या मांडवातला काळा-पांढरा फोटो, दोघं मुंडावळ्या बांधून उभी. मावशींनी माउसचं चाक फिरवत काकांचा चेहरा जवळ आणला, बराच वेळ न्याहाळला, आणि मग फोटोतल्या काकांची नजर जिकडे होती तिकडे चित्र सरकवलं. मांडवाच्या खांबाला लाउडस्पीकरचा कर्णा बांधलेला होता.

"बघा! भोंग्याकडं बघतायत!" मावशी खो खो हसत सुटल्या. "आन मी येवडी वर्सं समजतेय का माझ्याकडं बघतायत!"

"त्यातनं आवाज मोटा कसा होतो ते कळत नव्हतं," काका जमिनीवरून म्हणाले.

मावशींनी चित्र दुसऱ्या बाजूला सरकवलं. तिथे त्या स्वतः होत्या, सतरा-अठरा वर्षांच्या. मान खाली, पण डोळे काकांच्या बाजूला वळलेले. "मी मातुर कुटं बघते हाय ते बघा," त्या म्हणाल्या. आता हसत नव्हत्या.

काका गुडघ्यावर हात टेकत उठले आणि खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "अजून मोटं होतं का गं?" त्यांनी विचारलं.

मावशींनी चाक फिरवलं. मांडव मॉनिटरच्या बाहेर गेला, मुंडावळ्या गेल्या, कपाळ गेलं, आणि शेवटी करड्या ठिपक्यांचे दोन तरुण डोळे तेवढे उरले.