श्यामला मारलेली हाक

पुंजाराम एसटीत ड्रायव्हर होते. पहिली बायको गेल्यावर उतारवयात त्यांनी गोदाबाईशी लग्न केलं आणि जाण्याआधी पातूरचं घर मृत्युपत्रानं तिच्या नावे केलं. पहिल्या बायकोचा मुलगा कुलदीप अमरावतीला राहायचा. बाप शुद्धीवर नव्हता, म्हणत त्यानं अकोल्याच्या कोर्टात हरकत घेतली.

गोदाबाईचा वकील निर्धास्त होता. मृत्युपत्र झालं तेव्हा साक्षीला आलेल्या गावच्या डॉक्टरांनी मोबाईलवर सगळं टिपलं होतं.

भर दुपारी कोर्टात ते पडद्यावर लागलं, तशी गोदाबाईच्या अंगावर काटा आला. ज्या माणसाची राख तिनं डोळ्यांनी पाण्यात जाताना पाहिली, तो समोर तक्क्याला टेकून, दम खात, स्वच्छ बोलत होता.

"घर गोदीचं. कुलदीपले शिकवलं, नोकरीले लावलं. त्याचं त्याले पोचलं."

त्यांनी सही केली. मग दाराकडे पाहून हसले.

"श्याम, भाईर काहून उभा राहिला? ये ना आत."

कुलदीपच्या वकिलाला हेच हवं होतं. "श्याम कोण, बाई?"

"त्याईचा लहाना पोरगा. मी या घरात यायच्या आधीच हिरीत बुडून गेला."

"म्हणजे मेलेल्या पोराशी बोलत होते! तुम्ही तिथंच होतात. दारात कोणी दिसलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. गल्लीत श्याम नावाचा पानवाला होताच.

"मी तिकडं पायलंच नाही, सायेब," ती म्हणाली. "भेव वाटलं. घराचं बोलले ते मातर सारं समजून बोलले."

न्यायाधीशांनी शेवटचा भाग आवाज वाढवून पुन्हा लावायला सांगितला. तेच हसू. "ये ना आत." मग खरखर, आणि त्या खरखरीत बारीकसं काहीतरी. गोदाबाईला वाटलं, कडी वाजली असेल. कुलदीप मात्र ताडकन उठला.

"बंद करा ते!"

पुढच्या तारखेला त्यानं हरकत मागे घेतली. हाताशी आलेली केस काहून सोडता, म्हणून त्याचा वकील डोकं आपटून थकला. बाहेर निंबाखाली कुलदीपनं गोदाबाईला गाठलं.

"मावशी, तुमी आयकलं ना?"

"काय रे बाप्पा?"

"'दादा बी आला का?' म्हने. त्याचाच आवाज. त्या दिवशी मी हिरीवर येतो म्हनून त्याले म्होरं पाठवलं, अन् गेलोच नाही."

तो लहान पोरासारखा रडत होता. गोदाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी त्या लेकराचा आवाज कधी आयकलाच नाही रे. कसं सांगू?"

घर गोदाबाईचं झालं. कुलदीप पुन्हा पातुरात आला नाही. माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती तिथंच राहते. एकटीच राहता का, असं कोणी सहज विचारलं, तर ती आधी दाराकडे पाहते.