वाढदिवस कोणाचाच नव्हता

माझ्या डोक्यावर सहा जणांचे हात होते आणि माझ्या हातात साडीचा बॉक्स. मॅडमच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, वाढदिवसाला म्हणून सरांनी मला आणि माझ्या बायकोला आमच्या आर्णीतल्याच त्यांच्या बंगल्यावर बोलावलं होतं. केक नव्हता. वीस-पंचवीस माणसं डोळे मिटून बसली होती. सरांनी मला मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "प्रभू, हा आमचा भाऊ अंधारात आहे."

अंधारात. मी. जुन्या मोटरसायकली विकून घर उभं केलेला माणूस. आवाजावरून सांगतो, इंजिन खोललेलं आहे की नाही. तो मी मान खाली घालून उभा.

सर रिटायर्ड हेडमास्तर, ख्रिस्ती. दोन वर्षं माझ्या दुकानात येऊन बसायचे. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रोज त्यांच्या घरून जेवणाचा डबा आला. एवढा मोठा माणूस आपला दोस्त, म्हणून मी चार लोकांत फुगून सांगायचो.

हात निघाले. डोळे उघडले तर समोर भिंतीवर कागद. 'यांच्यासाठी प्रार्थना.' चौथं नाव माझं. पुढे सरांचं सुबक अक्षर : 'तापट आहे. पत्नी मऊ आहे. आधी तिच्याशी बोलावे.'

शिसारी आली. त्यांची आली, माझीही आली. ही रीत मला पाठ आहे. गिऱ्हाईक नवरा किमतीवर अडला की मी आधी त्याच्या बायकोला गाडीवर बसवून पाहतो. पण माझ्या दुकानावर पाटी आहे. आत येणाऱ्याला ठाऊक असतं, हा विकायला बसलाय. सरांनी पाटी लावली नव्हती.

"सर, वाढदिवस कोणाचा होय?"

"आज तुमचा नवा जन्म होऊ शकतो."

"तो दवाखान्यातला डबा माह्या बायकोसाठी होता का या कागदासाठी?"

सर हसले. वर्गातल्या ढ पोराकडे पाहून हसावं तसे. "राग हासुद्धा अंधारच असतो."

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "भाऊ, खोटं सांगून बोलवायला नको होतं. मी यांना म्हटलं होतं."

बायको तोवर कागद वाचत होती. "मले मऊ म्हणते का हा मास्तर?" तिनं माझ्या हातातून बॉक्स घेतला आणि मॅडमला दिला. "घ्या. इथं तुमीच एक खरं बोलल्या."

मी खिशातून पेन काढला आणि भिंतीवरचं माझं नाव खोडलं. नावापुढची तिन्ही वाक्यंही. कोणी आमेन म्हणालं नाही.

त्यांच्या येशूशी माझं भांडण नाही. माझ्या आज्यानंही धर्म बदलला होता. भर दिवसा, सगळ्यांसमोर, बाबासाहेबांच्या शब्दावर. त्याला कोणी वाढदिवस म्हणून नेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर दुकानाशी आले. "अजून राग आहे का?"

"आहे. तुमी मले ख्रिस्ती करायले येत होते, हे तोंडानं म्हणा. मी नाही म्हणीन. मंग पाहू, तुमी मले भाऊ म्हणता का."

सर म्हणाले, "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत राहू," आणि पायरी चढू लागले.

मी दारात आडवा हात लावला. 'तुम्हाला ख्रिस्ती करायला येत होतो' हे वाक्य त्यांच्या तोंडून आल्याशिवाय हा हात निघणार नाही.