मला उठायला लागणारा वेळ

"अण्णा, हे गेले की ओ..." यादगिरीच्या घरून लक्ष्मीवहिनींचा फोन आला, तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीखाली कुणाच्या तरी हळदीचा डीजे दणदणत होता. मधेच तो थांबायचा, पोरं हात वर करून ओरडायची, की पुन्हा धाडकन सुरू. मी खिडकी लावून घेतली. तो थांबा यादगिरीचा होता, आणि त्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

यादगिरी दिवसभर यंत्रमागावर चादरी विणायचा, संध्याकाळी आमच्या मंडळाच्या लेझीमला साथ करायचा. हलगीवाला दुसऱ्या मंडळानं पळवला, तेव्हा यानं एक कीबोर्ड आणला. बटण दाबलं की ताल सुरू. पण हलगीवाला समोरची माणसं बघून हात सैल सोडतो. या यंत्राला कुठले डोळे? खाली बसून उठायच्या डावात बाकीचे टुणकन उठायचे आणि मी, तेव्हाही भारदस्तच, अर्ध्यात अडकायचो. नवी पेठेत, ऐन मिरवणुकीत, मी असाच अडकलो आणि एकदम ताल बंद पडला... मी उठलो, सगळ्यांची लेझीम वर गेली, आणि ताल जोरात परतला. गर्दी वेडी झाली. मला वाटलं, वायर निसटली. "न्हाय रे जाड्या, तू उठस्तोवर थांबलो की!" यादगिरी हसत म्हणाला.

मग प्रत्येक डावाला तो बटणावर अंगठा ठेवून माझ्याकडं बघायचा. त्या तालाच्या कॅसेटी निघाल्या, पार करमाळ्यापर्यंत वाजल्या. पुढं डीजेवाल्यांनी त्यावर ठोके चढवले, वेग वाढवला, थांबा मात्र ठेवला. त्यांच्यातलाच एक पोरगा एकदा यादगिरीलाच शिकवायला लागला, "काका, ताल मधेच तोडायचा हा कट बाहेरच्या देशातून आलाय." मी उसळलो, तर यादगिरीनं माझा दंड धरून मला बाहेर नेलं.

"सांग की त्याला!"

"कशाला? मग इचारतील, कुणासाठी थांबलास. तुला हसतील सगळी."

एवढ्यासाठी हा माणूस जन्मभर गप्प बसला. मला अजून त्याचा राग येतो. हसली असती तर हसली असती! म्हणून आज मीच सांगतो : तुम्ही ज्या थांब्यावर नाचता, तो यादगिरीनं एका जाड्या मित्राला उठता यावं म्हणून सोडला होता. आता हसा खुशाल.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. कीबोर्ड फळीवर तसाच आहे; त्याच्या अंगठ्यानं एका बटणावरची अक्षरं पुसून गेलीत. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मी ताल सुरू केला. का कोण जाणे, भिंतीला हात लावून, जुन्या डावासारखा खाली बसलो. गुडघे काही सरळ होईनात. सवयीनं फळीकडं बघत राहिलो...

ताल काही थांबला नाही.