मापसाहेबांचा राक्षसकाटा

तिसऱ्या मजल्यावरच्या मापसाहेबांनी घरात काहीतरी पाळलंय, ही बातमी जिन्यात पसरली ती शेजारच्या शिंपीणबाईंमुळे. भिंतीपलीकडून त्यांना स्पष्ट ऐकू आलं होतं, "तीन डोकी जास्त होतात, दोनच ठेवू. विषही निम्मं करू."

या माणसाला साधं मांजर पाळणं जमलं नसतं. त्यानं आधी त्याच्या मिशा मोजल्या असत्या. साहेब राक्षस बनवत होते, तेही कागदावर. दर रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती साहेबांची बायको म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, वहिनींचा भाऊ आणि कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर असे तीन कमावते, शहाणेसुरते लोक योद्धे होऊन बसत. साहेब गोष्ट सांगत, राक्षस सोडत, मग फासे टाकून लढाई.

सव्वीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासणाऱ्याला अंदाजपंचे राक्षस कसा चालेल? तीन वर्षं खपून त्यांनी संगणकावर एक तक्ता उभा केला. नाव ठेवलं राक्षसकाटा. खेळाडूंनी आपापल्या योद्ध्याची ताकद कागदावर लिहून द्यायची, साहेबांनी आकडे भरायचे. राक्षसाला नखं केवढी आणि त्यानं घाव किती सोसायचे, ते काटा सांगणार. म्हणजे झुंज बरोबरीची. स्वतःच्या चष्म्याचा नंबर कधी न तपासणारे हे गृहस्थ अजगराचा दात केसभर इकडेतिकडे होऊ देत नसत.

आणि एवढं करून राक्षस मरायचे ढेकणासारखे. दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावणारे डॉक्टर रविवारी स्वतःच जांभया देत. एकदा त्यांनी सुनावलंच, पुढच्या वेळी असाच मेंगळट राक्षस आला तर आपण पत्ते कुटायला जाऊ. साहेबांचा चेहरा उतरला. कचेरीत त्यांचं वरचे ऐकत नाहीत, दुकानदार तर नाहीच नाही. जगात ऐकून घेणारं हे एकच टेबल, तेही मोडणार.

आठवडाभर साहेब काट्यातली चूक शोधत बसले. शेवटी भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाल्या, "अहो, डॉक्टर दोन कागद ठेवतात. तुम्हाला देतात त्यावर घाव भरायच्या औषधाची एक बाटली. मांडीवरच्या कागदावर सहा. शेजारी मीच बसते ना."

दोन कागद! घ्यायचं वजन वेगळं, द्यायचं वेगळं. याच लबाडीपायी साहेबांनी गावभरच्या कांदेवाल्यांना रडवलं होतं, आणि घरच्या टेबलावर दर रविवारी डोळ्यांत धूळ फेकली जात असताना हे चष्मा पुसत बसले. डॉक्टरांची तऱ्हा तर आणखी न्यारी: फुकटात जिंकायचं आणि वर कंटाळा आला म्हणून कुरकुरायचं.

साहेब उठून संगणकाशी बसले. तक्त्यात सहा बाटल्या भरल्या. रविवारी दलदलीतून जे वर आलं, ते ऐकून मेहुण्याच्या हातातला फासा टेबलाखाली गेला. डॉक्टर नेहमीच्या ऐटीत पुढे सरसावले. एकेक करत सहाही बाटल्या संपल्या आणि त्यांचा योद्धा चिखलात आडवा. वहिनींनी आणि भावानं घाम गाळून अगदी शेवटच्या फाशावर राक्षस पाडला. भाऊ लगेच विचारू लागला, पुढचा रविवार कधी, जसा काही तो बदलतो.

डॉक्टर लालबुंद झाले होते. तीन तासांत त्यांना एकही जांभई आली नव्हती, पण ते कबूल कोण करणार? उलट म्हणाले, साहेब, तुमचा काटा बिघडलाय, दुरुस्त करून आणा.

साहेब म्हणाले, "काटा ठीक आहे, डॉक्टर. वजन आज पहिल्यांदा खरं पडलंय."