कळ आणि कल

दिवाळे गावच्या कोळीण मावशी माझ्या नेहमीच्या मासळीवाल्या. त्यांचा नवरा होडी घेऊन खाडीत जातो. मी माहितीपुस्तिका लिहिणारी बाई. तिथल्या मच्छीमार सोसायटीने होडीच्या इंजिनाची पुस्तिका मागितली, मोबाईलवर वाचायची. दुसऱ्या दिवशी ती सगळ्या होड्यांवर जाणार होती, म्हणून आधी मावशींना दाखवायला नेली.

यादीतल्या नावावर बोट ठेवलं की ते पान उघडायचं. मावशींनी आपल्या मोबाईलवर ‘कल’ दाबलं, म्हणजे होडी एका अंगाला झुकली तर काय करायचं ते. वाचून मोबाईल माझ्यापुढे धरला.

“गो बाय, होरी कलल्यावर इंजिन चालू कराचं? बुरवतेस का माज्या मानसाला?”

उघडलं होतं ‘कळ’चं पान. इंजिन सुरू करायची कळ.

“तुम्हीच ‘कळ’ दाबलंत, मावशी!” मी फणकारले. आम्ही साताऱ्याचे, आणि यांच्या बोलण्यात ळचा ल, णचा न. मग मी स्वतः दाबलं. पुन्हा कळ! माझ्या मोबाईलवर पाहिलं, तिथेही तेच. आता मात्र मला राहवेना.

त्यांच्या मासळीच्या टोपलीशेजारी बसूनच मी शोधत राहिले. पानांचे पत्ते मी इंग्रजी अक्षरांत दिले होते, टायपिंगच्या सवयीने: ळला मोठा एल, लला छोटा. सॉफ्टवेअर पत्ता बनवताना सगळी अक्षरं छोटी करतं. इंग्रजीत मोठं काय नि छोटं काय, अक्षर तेच. आपल्याकडे थेट ‘ध’चा ‘मा’! दोन पानांचा पत्ता एकच झाला, आणि दोन्हींसाठी यादीतलं आधीचं, ‘कळ’चं पान उघडू लागलं. म्हणजे हे परदेशी सॉफ्टवेअर चक्क दिवाळ्याची बोली बोलत होतं. मला हसू फुटलं, मावशींना नाही.

सेटिंगमध्ये अक्षरं छोटी करायचं बंद केलं. ‘कल’ नीट उघडलं. “झालं!” मी म्हणाले.

“काय झालं? माजे मालक सुकानावर असतान, होरी वलवत. वरडतील, कल बघ! होरीवरच्या मोबाईलवालेनी कंचा दाबाचा? आमच्या तोंडात दोनी कलच.”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. एवढं शोधलं, पण हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

“होडी झुकली की काका काय ओरडतात?”

“होरी कलली!”

मी पानाला तेच नाव दिलं. मावशींनी हात पदराला पुसले, ते दाबलं आणि बोट फिरवत मोठ्याने वाचलं, “आधी इंजिन बंद करा.”

मग पहिल्यांदा हसल्या. “आता येल माजा मानूस घरा.”